चिकित्सा आणि विचिकित्सा : जुनाट दुखण्याच्या वाङ्मयातील संशय

मराठीत 'चिकित्सा' हा शब्द दोन कामे करतो. वैद्य रोग्याची करतो ती चिकित्सा आणि अभ्यासक ग्रंथाची करतो तीही चिकित्साच. 'चिकित्सक' म्हणजे डॉक्टर. आणि ऐकलेली गोष्ट पारखल्याशिवाय न स्वीकारणारा माणूसही चिकित्सकच. या शब्दाला 'वि' हा उपसर्ग लागला की 'विचिकित्सा' होते आणि तिचा अर्थ संशय. बौद्ध परंपरेने ध्यानाच्या वाटेवरचे जे पाच अडसर सांगितले, त्यांतला शेवटचा हाच. उपचार, तपासणी आणि संशय अशी ही एकाच शब्दकुळातली तीन भावंडे. जुनाट दुखण्यावर मनाच्या वाटेने उपाय सांगणारी पुस्तके वाचताना मला या कुळाची वारंवार आठवण होत गेली, कारण या पुस्तकांत तिन्ही भावंडांचे एकमेकांशी क्वचितच पटते.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेला वैद्यकात जुनाट वेदना म्हणतात. पाठ, मान, डोके, ओटीपोट अशा ठिकाणी ती ठाण मांडून बसते आणि पुष्कळदा तपासण्यांत तिचे पुरेसे कारण सापडत नाही. अशा वेळी 'दुखणे खरे आहे, पण त्याचे मूळ मणक्यात नाही, मज्जासंस्थेच्या आणि मनाच्या सवयीत आहे' असे सांगणारे साहित्य गेल्या चाळीस वर्षांत इंग्रजीत भरपूर लिहिले गेले. ते आपल्याकडेही पोहोचले आहे. त्याची वैद्यकीय बाजू डॉक्टरांनी तपासावी. मला ते वाङ्मय म्हणून तपासायचे आहे. त्यात बोलतो कोण, वाचक कोण गृहीत धरला आहे, शेवट कसा होतो, आणि ज्याला पटत नाही अशा वाचकाचे पुढे काय होते, हे माझे प्रश्न आहेत. यांतला शेवटचा प्रश्न मला निर्णायक वाटतो.

'मनाचे आहे'

आपल्या घरांत 'मनाचे आहे' या दोन शब्दांचा अर्थ 'खोटे आहे' असा होतो. 'अगं, डॉक्टरांनी सांगितलं ना काही नाही म्हणून? मग मनाचंच असणार,' हे वाक्य किती सुनांनी, किती आत्यांनी आणि मावश्यांनी ऐकले असेल याची मोजदाद नाही. पुरुषाची कंबर दुखली तर कामाचा ताण, बाईची दुखली तर कामाचा कंटाळा, असा हिशेब आजही चालतो. इलेन स्कॅरी यांनी 'द बॉडी इन पेन' (१९८५) या ग्रंथात एक मूलभूत गोष्ट मांडली : स्वतःला होणारी वेदना हे खात्रीचे सर्वांत पक्के उदाहरण आहे आणि दुसऱ्याच्या वेदनेविषयी ऐकणे हे संशयाचे. मनाच्या वाटेने जाणारा प्रत्येक उपचार याच फटीत उभा असतो. 'मनाचे आहे' हे ज्या रोग्याने आजवर आरोप म्हणून ऐकले, त्याला तेच शब्द आता औषध म्हणून घ्यायला सांगितले जातात. त्याला संशय आला तर नवल नाही.

माझी कंबर गेली नऊ वर्षे दुखते आहे. एम.आर.आय.मध्ये खालच्या दोन मणक्यांमधली चकती बाहेर आलेली दिसली. एका डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली, दुसऱ्यांनी 'या वयात असं पुष्कळांचं असतं' म्हणून घरी पाठवले. दुसऱ्यांच्या बोलण्यात तथ्य होते. १९९४ साली अमेरिकेत ज्यांना पाठदुखी अजिबात नाही अशा ९८ माणसांच्या पाठीचे एम.आर.आय. काढले गेले. त्यांतल्या ५२ टक्के लोकांत निदान एका ठिकाणी चकती फुगलेली होती, २७ टक्के लोकांत ती बाहेर आलेली होती आणि सगळ्या चकत्या निर्दोष असलेले फक्त ३६ टक्के निघाले. चित्रातला दोष आणि शरीरातले दुखणे यांचे नाते आपण समजतो तितके सरळ नाही, एवढे यावरून नक्की कळते. मात्र चकती निर्दोष ठरली म्हणून मन दोषी ठरत नाही. एक आरोपी सुटला की दुसऱ्यावर गुन्हा आपोआप शाबीत होतो, असा न्याय कुठेच नाही. मी पुढे ज्या पुस्तकांविषयी लिहिणार आहे, त्यांतले सर्वांत प्रसिद्ध पुस्तक नेमकी हीच उडी घेते.

वसा आणि फलश्रुती

डॉ. जॉन सार्नो (१९२३–२०१७) हे न्यूयॉर्क विद्यापीठाच्या रस्क पुनर्वसन संस्थेतले डॉक्टर. 'माइंड ओव्हर बॅक पेन' (१९८४) आणि 'हीलिंग बॅक पेन' (१९९१) या पुस्तकांमुळे ते घरोघर पोहोचले. न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीने मला पाठवले ते दुसरे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : बहुतेक जुनाट पाठदुखी ही 'टेन्शन मायोसायटिस सिंड्रोम' आहे. दडपलेला संताप वर येऊ नये म्हणून मन आपले लक्ष शरीराकडे वळवते. त्यासाठी स्नायूंचा रक्तपुरवठा किंचित घटवते, प्राणवायू कमी पडतो आणि स्नायू दुखतात. हे कळणे हाच उपाय. रोज उजळणी करायला त्यांनी बारा वाक्ये दिली आहेत. दुखणे धोक्याचे नाही, मणके शाबूत आहेत, हालचालीला भिऊ नये, अशा आशयाची.

यातला बराचसा भाग शहाणपणाचा आहे. भीतीने आखडलेल्या माणसाला 'तुझी पाठ मोडकी नाही, चालू लाग' असे अधिकारवाणीने सांगणारा डॉक्टर भेटणे ही मोठी गोष्ट असते. अनेकांना या पुस्तकाने उठवून चालते केले, हे नाकारता येत नाही. प्राणवायूच्या सिद्धान्ताला मात्र प्रयोगांचा भक्कम आधार मिळाला नाही.

माझा आक्षेप पुस्तकाच्या घडणीवर आहे. सार्नो रोग्याला फिजिओथेरपी, मालीश, पट्टा, खास व्यायाम असे सगळे शारीरिक उपचार सोडायला सांगतात. कारण ते करत राहणे म्हणजे दुखणे शरीराचे आहे यावर अजून विश्वास असणे, आणि तो विश्वास असेपर्यंत गुण येणार नाही. पुस्तकाच्या शेवटी बऱ्या झालेल्या रोग्यांची पत्रे आहेत. ही सगळी मांडणी मराठी वाचकाला नवी नाही. आपण ती व्रतकथांत ऐकत आलो आहोत. सत्यनारायणाच्या कथेतला साधुवाणी नवस करतो, पूजा पुढे ढकलतो आणि संकटात सापडतो. त्याची कलावती घाईत प्रसाद टाकून धावते आणि पतीची नौका दिसेनाशी होते. ज्याने वसा पाळला त्याचे भले झाले, ज्याने शंका घेतली किंवा हयगय केली त्याचे गेले, आणि शेवटी फलश्रुती. या रचनेत व्रत कधीच हरत नाही. फळ मिळाले तर श्रेय व्रताचे आणि न मिळाले तर उणीव व्रत करणाऱ्याची. सार्नोंच्या पुस्तकात विश्वास हेच औषध असल्यामुळे संशय हाच आजार ठरतो. गुण न आलेल्या वाचकाला एकच निष्कर्ष काढता येतो : माझा विश्वास कमी पडला.

त्यांच्या आकड्यांनाही हीच सावली आहे. चकती सरकल्याचे चित्रात दिसलेल्या १०९ रोग्यांची १९८७ मधली पाहणी ते देतात. त्यांतले ८८ टक्के पूर्ण किंवा जवळपास बरे झाले, असे ते सांगतात. पण भेटीची वेळ देण्याआधी ते रोग्याशी फोनवर बोलत आणि ज्याला ही कल्पना मुळीच पटण्याजोगी नाही असे वाटे त्याला घेत नसत, हेही त्यांनीच मोकळेपणाने लिहिले आहे. या पाहणीला तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. जे दारातच थांबले, त्यांचा हिशेब टक्केवारीत येत नाही. लबाडीचा आरोप मी करत नाही. फक्त त्या ८८ टक्क्यांत विश्वासाचे फळ किती आणि विश्वासू माणसांची निवड किती, हे वेगळे काढता येत नाही.

तीन महिने मी रोज सकाळी ती बारा वाक्ये वाचली. दुसऱ्या महिन्यात कंबर खरोखर हलकी झाली आणि तिसऱ्यात परत धरली. त्या काळात एक नवीच सवय मला लागलेली दिसली. आधी मी कमरेवर पहारा ठेवत असे, आता मी स्वतःच्या विश्वासावर पहारा ठेवत होते. खुर्चीवरून उठताना चमक निघाली की मनात पहिला प्रश्न येई : मी आत्ता शंका तर घेतली नाही ना? भीतीतून सोडवायला आलेल्या पुस्तकाने भीतीला दुसरे घर दिले होते.

पुराव्यांची वही

सार्नोंच्या पुढच्या पिढीतले अ‍ॅलन गॉर्डन हे मानसोपचारक आहेत. त्यांचे 'द वे आउट' हे पुस्तक २०२१ चे. त्यांनी दडपलेल्या संतापाची कथा बाजूला ठेवली आणि भीतीवर भर दिला. मेंदू शरीराकडून येणाऱ्या निरुपद्रवी संदेशांना धोका समजतो, त्यातून वेदना, वेदनेतून भीती आणि भीतीतून पुन्हा वेदना, असे हे चक्र आहे. या पद्धतीची रीतसर चाचणी कोलोरॅडोतल्या बोल्डर येथे झाली आणि २०२१–२२ मध्ये 'जामा सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. एकूण १५१ पाठदुखीग्रस्त, तीन गट. चार आठवड्यांच्या उपचारानंतर या पद्धतीच्या गटातले ६६ टक्के लोक वेदनामुक्त किंवा जवळपास वेदनामुक्त होते. ज्यांना पाठीत खाऱ्या पाण्याचे इंजेक्शन दिले, तेही खारे पाणीच आहे असे सांगून, त्यांच्यात हे प्रमाण २० टक्के. आणि नेहमीचे उपचार चालू ठेवलेल्यांत १० टक्के. वर्षभरानंतरही हा फरक बराचसा टिकून होता. आपल्याला कोणता उपचार मिळतो आहे हे सहभागी लोकांना माहीत होते, ते बहुतेक सुशिक्षित होते आणि दुखणे त्यांना अंथरुणाला खिळवून ठेवणारे नव्हते. या मर्यादा धरूनही हा निकाल सहज बाजूला सारता येत नाही.

वाङ्मयाच्या दृष्टीने मला यातला एक बदल महत्त्वाचा वाटतो. इथे रोग्याला विश्वास ठेव असे सांगत नाहीत, पुरावे गोळा कर असे सांगतात. दुखणे जागा बदलते का? सुट्टीत कमी होते का? मार लागलेला नसताना सुरू झाले का? एकाच खुर्चीवर एका दिवशी दुखते आणि दुसऱ्या दिवशी दुखत नाही, असे होते का? वहीत नोंद ठेवायची आणि आपले आपण अनुमान काढायचे. संशयी माणसाच्या हाताला हे काम आहे. समर्थ रामदासांनी ज्या 'प्रचीती'वर इतका भर दिला तिच्या हे जवळचे आहे. श्रद्धा आधी द्यावी लागते आणि प्रचीती मागून येते. श्रद्धा डळमळली की अपराध वाटतो, प्रचीती आली नाही तर 'आली नाही' असे निर्मळपणे म्हणता येते.

तरीही ६६ टक्क्यांच्या उरलेल्या बाजूला ३४ टक्के आहेत. शोधनिबंधात त्यांना जागा आहे, कारण तिथे छेद लिहावाच लागतो. लोकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात मात्र पुन्हा बहुतेक बरे झालेलेच बोलतात. वाङ्मयप्रकाराची ओढ उपचारपद्धतीपेक्षा चिवट असते.

बाहुकाचा शेवट

आपल्या परंपरेत दुखण्याचे वाङ्मय नेहमी फलश्रुतीतच संपले का? मला याचे सर्वांत बोलके उत्तर तुलसीदासांच्या 'हनुमानबाहुक' या ब्रज भाषेतल्या रचनेत मिळाले. परंपरा सांगते की उतारवयात त्यांच्या बाहूत असह्य कळा येऊ लागल्या आणि त्या अवस्थेत हे ४४ छंद रचले गेले. सुरुवात मारुतीच्या पराक्रमाच्या वर्णनाने होते, पण जसजसे पुढे जावे तसतसा स्वर बदलतो. औषधे झाली, यंत्रमंत्र झाले, टोटके झाले, देव आळवून झाले. दुखणे वाढतेच आहे. मग कवी थेट दैवतालाच विचारतो की माझी पाळी आली तेव्हाच तू म्हातारा झालास का. भक्तीच्या भर दरबारात केलेली ही उलटतपासणी आहे. तिने श्रद्धा मोडत नाही आणि श्रद्धेने ती गप्पही होत नाही.

शेवट तर अधिक विलक्षण आहे. बाहू बरा झाल्याचा उल्लेख रचनेच्या शेवटी नाही. पेरले तेच कापतो आहे असे समजून गप्प राहीन, अशा आशयावर ती थांबते. पुढे भाविकांनी हेच स्तोत्र अंगदुखीवरचा पाठ म्हणून स्वीकारले आणि कवीचा हात बरा झाल्याची कथा त्याला जोडली. ज्या कवितेच्या शेवटी बरे होणे नाही तिला बरे करणारी कविता केले गेले. फलश्रुती लोकांनी बाहेरून आणून लावली. यावरून दोन गोष्टी दिसतात. दुखणाऱ्या माणसाला फलश्रुतीची भूक किती अनावर असते, ही एक. आणि थोर लेखकाला ती भूक बाजूला ठेवून, न सुटलेल्या दुखण्याबद्दल प्रामाणिक राहून लिहिता येते, ही दुसरी.

संशयी माणसाचे पुस्तक

आपल्या काळात असे प्रामाणिक राहिलेले पुस्तक मला टिम पार्क्स यांचे वाटते. पार्क्स हे इटलीत राहणारे इंग्रज कादंबरीकार आणि अनुवादक. 'टीच अस टु सिट स्टिल' (२०१०) या त्यांच्या आत्मकथनाच्या उपशीर्षकातच ते स्वतःला संशयवादी म्हणवतात. त्यांचे वडील अँग्लिकन धर्मोपदेशक. घरातले लोक पुढे पवित्र आत्म्याचा संचार, अगम्य भाषेत बोलणे अशा गोष्टींवर भर देणाऱ्या पंथाकडे ओढले गेले. श्रद्धेचा हा कैफ लहानपणी जवळून पाहिलेला मुलगा मोठेपणी कोणत्याही चमत्काराकडे पाठ फिरवणार, हे उघड आहे.

मग पन्नाशीत त्यांना ओटीपोटाचे दुखणे जडले. बसणे नको, रात्री पाच-सहा वेळा उठणे, तपासण्यांवर तपासण्या. प्रोस्टेटवर शस्त्रक्रिया करावी असा सल्ला मिळाला, पण तपासण्यांत ठोस काही निघेना. दिल्लीच्या एका फेरीत आयुर्वेदाच्या वैद्याने त्यांच्या स्वभावातल्याच ओढाताणीकडे बोट दाखवले आणि पार्क्स वैतागले. पुढे डेव्हिड वाइज आणि रॉडनी अँडरसन यांचे 'अ हेडेक इन द पेल्व्हिस' हे पुस्तक त्यांच्या हाती आले. त्यात सांगितलेला उपाय साधा आणि विचित्र होता : आडवे व्हायचे, शरीरातला ताण जिथे जाणवतो तिथे लक्ष ठेवायचे आणि तो घालवण्याचा प्रयत्न करायचा नाही.

या उपायाला विश्वास लागत नाही, ही त्यातली मेख आहे. पार्क्स तो करतात तेव्हाही मनात कुरकुरत असतात. पुस्तकाचे नाव त्यांना हास्यास्पद वाटते, भाषा बाळबोध वाटते, आपण असले काही करतो आहोत याची लाज वाटते. हे सगळे ते लिहितात, आणि तरीही दुखणे हळूहळू ढिले पडते. त्यांचा संशय पानोपानी जिवंत राहतो आणि तो उपचाराच्या आड येत नाही. पुस्तकाचा विनोदही याच संशयातून येतो. सार्नोंच्या पुस्तकात हसायला जागा नाही, कारण हसणाऱ्याचा विश्वास ढळलेला असण्याची शक्यता असते.

पुस्तकाचा उत्तरार्ध अधिक अवघड प्रश्नाकडे जातो. पार्क्स विपश्यनेच्या शिबिरांना जातात आणि तिथे त्यांना जाणवते की आपला ताण आणि आपले लेखन यांचे मूळ एकच असावे. दिवसभर डोक्यात चालणारी शब्दांची गिरणी, प्रत्येक अनुभवाचे तत्काळ वाक्य करण्याची घाई. लेखन सोडावे का, असा विचार लेखकाच्या मनात येतो. आणि तो आपल्यापर्यंत लेखनातूनच येतो. ही विसंगती ते झाकत नाहीत. बरे झाल्याची कथा सांगतानाच त्या कथेबद्दल ते शंका घेतात, म्हणून मला ती खरी वाटते.

वेदना हा शब्द

पार्क्स ज्यांच्या शिबिराला गेले ते जॉन कोलमन आणि आपल्याकडे विपश्यना आणणारे सत्यनारायण गोएंका हे गुरुबंधू. रंगूनचे सयाजी ऊ बा खिन हे दोघांचे आचार्य. ते ब्रह्मदेश सरकारचे अकाउंटंट जनरल होते. त्यामुळे ही वाट इटलीतून सरळ इगतपुरीला येते. तिची सुरुवातही एका दुखण्यातच आहे. मंडालेत १९२४ साली जन्मलेले गोएंका रंगूनचे बडे व्यापारी. त्यांना अर्धशिशीचे भयंकर झटके येत, मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. युरोप, अमेरिका, जपान असे वैद्यकीय दौरे करूनही उतार पडला नाही. १९५५ साली ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले तेव्हा आचार्यांनी प्रथम नकार दिला : डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, या विद्येचा तो हेतू नव्हे. हिंदू घरातल्या गोएंकांनाही बौद्ध शिक्षणाविषयी साशंकता होती. दोन्ही बाजूंनी संशय असताना ही गोष्ट सुरू होते.

आता पाहा, या कथेतही फलश्रुती आहेच. गोएंकांची डोकेदुखी गेली, हे साधकांना ठाऊक असते आणि कित्येक जण मनात तीच आशा धरून जातात. 'फळाची इच्छा धरू नका' असे सांगणाऱ्या कथेचे फळ इतके ठसठशीत असेल तर इच्छा धरायची नाही कशी? हा पेच या परंपरेला चुकलेला नाही. शिवाय तिथेही विचिकित्सा हा शत्रूच मानला आहे. पण एक फरक आहे. शिबिरात इतर साधना, जप, कर्मकांड बाजूला ठेवायला सांगतात ते दहा दिवसांपुरते, म्हणजे पद्धतीची न्याय्य परीक्षा व्हावी म्हणून. संशय दाराबाहेर चपलांसारखा ठेवायचा आणि जाताना पायात घालून न्यायचा. सार्नोंकडे त्याला परत मिळण्याची सोय नाही. मुदतीचा संयम आणि कायमचा त्याग यांत पथ्य आणि पंथ यांच्याइतके अंतर आहे.

शिबिरात चौथ्या दिवसापासून रोज तीन वेळा तासभर न हलता बसायचे असते. मी पाठीमुळे खुर्चीवर बसले. चाळीस मिनिटांनंतर कंबर नेहमीसारखी बोलू लागली. पाली भाषेत 'वेदना' म्हणजे दुखणे नव्हे. सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली कोणतीही जाणीव ती वेदना. मूळ धातू 'विद्', म्हणजे जाणणे. मराठीने या शब्दाला फक्त दुःखाच्या बाजूला ओढून घेतले. त्या तासात मला वेदना हा शब्द त्याच्या जुन्या अर्थाने कळला. जिला मी नऊ वर्षे 'कंबरदुखी' म्हणत होते ती एकसंध वस्तू नव्हती. डावीकडे एक ओढ होती, तिच्या खाली आग, मधूनच चमक, मांडीत रग, आणि या सगळ्यांच्या भोवती 'आता हे वाढणार' अशी धास्ती. रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली वेदना मोजण्यासाठी मॅकगिल प्रश्नावली केली, तिच्यात ७८ शब्द आहेत. मराठीची यादीही लहान नाही : कळ, शूळ, ठणका, ठसठस, उसण, रग, चुरचुर, हुळहुळ, चमक. दुखण्याला एकच नाव दिले की त्याला सिद्धान्त हवासा वाटतो. त्याची अशी फोड झाली की काही वेळ सिद्धान्ताची गरज राहत नाही, बघणे पुरते.

दुखणे गेले का? पूर्ण गेले नाही. कमी झाले, आणि त्याच्याभोवतीची धास्ती पुष्कळ कमी झाली. यात बारा वाक्यांचा वाटा किती, त्या तासांचा किती, चालण्याचा किती आणि काळाचा किती, हे मला वेगळे करता येत नाही. एका माणसाच्या अनुभवाला तुलनेचा गट नसतो. हे वाक्य अशा पुस्तकांच्या मुखपृष्ठावर छापायला हरकत नाही.

न बऱ्या झालेल्या वाचकासाठी

या वाचनातून मला या वाङ्मयाच्या परीक्षणाच्या तीन कसोट्या हाती लागल्या. पहिली, दार कुठे उघडे आहे. ताप, अकारण घटणारे वजन, पायातली बधिरता किंवा वाढती अशक्तता, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, अशा लक्षणांत आधी डॉक्टर, मग पुस्तक, हे स्पष्ट लिहिलेले आहे का. गंभीर आजार आधी वगळा, असे सार्नोही बजावत आणि पार्क्सही सगळ्या तपासण्या करूनच या वाटेला लागले. दुखणे अंगावर काढणे आणि दुखण्याकडे शांतपणे पाहणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी, संशयाला काम दिले आहे की शिक्षा. तिसरी, ज्याला गुण आला नाही त्याच्यासाठी पुस्तकात एखादे तरी पान आहे का, आणि त्या पानावर त्याचा दोष काढला आहे की त्याची सोबत केली आहे.

तिसऱ्या कसोटीला बहुतेक पुस्तके उतरत नाहीत. आपल्या महाराष्ट्रात श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांच्यातली रेघ कुठे ओढायची यावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांसारख्यांनी आयुष्य वेचले. त्या वादातून आपण एवढे तरी शिकायला हवे की एखाद्या उपायाने गुण येतो का, हा प्रश्न पुरा पडत नाही. गुण न आलेल्याला तो उपाय कसा वागवतो, हेही विचारावे लागते. शोषणाची सुरुवात बहुतेक वेळा त्याच जागी होते. 'तुमची श्रद्धा कमी पडली' असे बुवा म्हणतो. पांढरा कोट घातलेल्या किंवा मानसोपचाराची पदवी घेतलेल्या माणसाने तेच म्हटले तर ते वाक्य वेगळे होत नाही.

मराठीत बरे झाल्याची 'अनुभवकथने' खूप आहेत. योगाची, निसर्गोपचाराची, नामस्मरणाची. दुखणे न सुटलेल्या माणसाने, संशय न लपवता, उपायांची नोंद ठेवत लिहिलेले पुस्तक मात्र माझ्या पाहण्यात आलेले नाही. ते कोणी लिहावे. त्यात बऱ्या दिवसांबरोबर वाईट दिवसही मोजलेले असावेत, आणि दुखण्याला त्याची त्याची नावे दिलेली असावीत. फलश्रुती नसली तरी चालेल. 'मनाचे आहे' हे ऐकून ज्या बाईने बोलणेच सोडले आहे, तिला ते वाचताना निदान एवढे कळावे की मनाचे असणे म्हणजे खोटे असणे नव्हे, आणि शंका घेतल्याने तिचे दुखणे वाढत नाही.